देवाचा निरोप आणि पोह्यांचा लगदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरची. लहानपण रामबागेत गेलं, संसार राजेंद्रनगरात. गेली काही वर्षं मी एकाच धाटणीच्या कथा लिहिते आहे. कोणी तरी देव, मी बनवलेला, कुणाच्याही देव्हाऱ्यात नसलेला, एखाद्या साध्या माणसाला आपला निरोप्या नेमतो आणि त्या माणसाची घडी विस्कटते. आमच्या गच्चीवर वाचन झालं की चहाबरोबर तेच ते प्रश्न येतात, आणि उत्तर देता देता माझा चहा गार होतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

तेहतीस कोटी देव असताना नवे बनवायचे कशाला?

त्या तेहतीस कोटींपैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी हात जोडत असतं, म्हणून. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. इंदुरात अजून कितीतरी मराठी घरांत चंपाषष्ठीला तळी उचलतात, भंडारा उधळतात. माझ्याही माहेरी. त्या देवाच्या तोंडी मी माझी वाक्यं कोणत्या अधिकाराने घालू?

दुसरं कारण जास्त जड आहे. देवाने माणसाचं आयुष्य ताब्यात घेणं ही आपल्याकडे नुसती गोष्टीतली गोष्ट नाही. नवसाने झालेलं पोर खंडोबाला वाघ्या म्हणून सोडायचे, मुलीला मुरळी. जन्माला येण्याआधीच पोराचं सगळं ठरलेलं असायचं. मुरळ्या सोडण्याविरुद्ध सुधारकांना पिढ्यान् पिढ्या लढावं लागलं. त्या बायकांच्या वाट्याला जे आलं त्यावर मिस्कील कथा लिहायची माझी छाती नाही. बनवलेल्या देवाचं बरं असतं. त्याने काही वाईट केलं तर दोष थेट माझ्यावर येतो.

निरोप्या म्हणजे भगतच ना? अंगात येतं तो?

नाही. पण ‘अंगात येणं’ या व्यवहारातला एक शब्द मला फार आवडतो. ज्याच्या अंगात येतं त्याला ‘झाड’ म्हणतात. वारं येतं, झाड घुमतं. झाडाला वारं बोलावता येत नाही की परतवताही येत नाही, त्याने फक्त उभं राहायचं. आपल्या लोकांनी एका शब्दात केवढं सांगून ठेवलंय.

तरीही भगताचा दिवस ठरलेला असतो. अमावस्या, पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार. समोर माणसं बसलेली असतात, कोणी लिंबू आणलेलं असतं, कोणी नारळ. आलेलं वारं ओसरलं की त्याला पाणी देणारा माणूस बाजूला उभा असतो. माझ्या निरोप्याला यातलं काहीच मिळत नाही. तो छप्पन दुकानच्या, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीच्या, गर्दीत टोकन हातात धरून उभा असतो आणि तेवढ्यात त्याचा देव बोलायला लागतो. टोकनचा नंबर पुकारला जातो, याचं लक्ष नसतं. माझी व्याख्या एवढीच: ज्याचा नंबर निघून जातो तो निरोप्या.

तुमचे देव आहेत तरी कोणते?

सध्या दोन. पहिली ‘पुलाखालची’. कृष्णपुरा छत्र्यांजवळच्या (होळकरांच्या स्मारकांजवळच्या) पुलाखाली राहते, कान्ह नदीची आहे, नाव कोणालाच माहीत नाही, म्हणून पुलाखालची. पाण्याला हात लागला की तिचा आवाज येतो.

दुसरा ‘भोंगादेव’. गिरणीच्या भोंग्यात राहायचा. गिरणी बंद पडली, भोंगा भंगारात गेला, याला मात्र कोणी कळवलंच नाही.

तिसऱ्यावर काम चालू आहे. तो कचरागाडीच्या गाण्यातून बोलतो. 2017 पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, तेव्हापासून गल्लीगल्लीतली सकाळ त्या गाण्याने होते. पण गोष्ट जमत नाहीये. गाणं अख्ख्या गल्लीला ऐकू येतं, मग निरोप्या एकटाच कसा? सुचलं तर कळवा.

देव माणूस कशावरून निवडतो? पुण्याईवरून?

सोयीवरून. पुलाखालचीची निरोपी म्हणजे माझ्या कथेतली मावशी. तिला निवडलं कारण मावशी पुलापासून जवळ राहायची आणि सरकारी कचेरीत तीस वर्षं स्टेनो होती. सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेणारं माणूस जवळपास दुसरं नव्हतं. पुण्यवान माणसाची निवड झाली की त्याला छळणं हे परीक्षा घेणं ठरतं, आणि परीक्षा आली की निकाल आला. मला निकाल लावायचा नसतो.

निरोप असतो तरी काय?

वाचकांना वाटतं, भूकंप येणार, राजा मरणार असलं काही तरी. पुलाखालचीचे निरोप ऐका: ‘सरस्वतीला विचार, गेले चार दिवस कुठे होती.’ सरस्वती म्हणजे इंदुरातली दुसरी छोटी नदी, कान्हला मिळते ती. पुढचा निरोप: ‘उज्जैनला सांग, मी येतेय.’ कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते, हे खरंच. पण उज्जैनला म्हणजे नक्की कोणाला सांगायचं? मावशी पत्ता विचारते. देवी म्हणते, ‘सांग म्हटलं ना.’

आणि हे सगळं रविवारी सकाळी पोहे भिजवताना. ज्यांनी इंदुरात पोहे केलेत त्यांना यातलं संकट कळेल. जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, बोटांनी हलकेच फिरवायचे, दोन पाण्यांत काढायचे आणि लगेच निथळत ठेवायचे. मग मीठ, हळद, चिमूटभर साखर. फोडणीत बडीशेप हवी. पोहे कढईत फार परतायचे नाहीत, वाफेवर ठेवायचे, वरून शेव आणि जीरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. सगळा खेळ त्या नळाखालच्या अर्ध्या मिनिटाचा. एक कण बोटात दाबला तर दबला पाहिजे, पण मोडता कामा नये. मावशी नेमकी तेव्हा देवीचं ऐकत उभी. पाणी चालू, चाळणी हातात, डोळे भिंतीकडे. निरोप संपेपर्यंत पोह्यांचा लगदा झालेला असतो.

घराला देवीचा सुगावा असाच लागतो. आधी सुनेला वाटतं पोहे जुने असतील. मग दुकान बदलतात. मग नवरा म्हणतो, ‘पातळ पोहे आणलेस का ग?’ मावशी भांडी घासायचं सोडून देते, कामाला बाई लावते, अंघोळीला दोन तांब्यांत उरकते. पण पोहे भिजवल्याशिवाय इंदुरात रविवार कसा उजाडायचा?

देवाला कळत नाही का, माणसाचं किती नुकसान होतंय?

कळत नाही. या सगळ्या कथा मी लिहिते त्या खरं तर एवढ्यासाठीच. माझा देव दुष्ट नाही. त्याच्याकडे पहिली तारीख नाही, गॅसचा नंबर लावायचा नाही, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा नाहीत. ज्याला खर्चच माहीत नाही तो काय जपून मागणार?

भोंगादेवाचं बघा. इंदुरातली हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि सुमारे 4,800 कामगारांची सुमारे 224 कोटींची देणी 2023 च्या डिसेंबरात मार्गी लागली. मध्ये बत्तीस वर्षं. पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, कितीतरी कामगार हातात पैसा पडायच्या आधीच गेले. माझ्या कथेतल्या गिरणीला मी नाव दिलेलं नाही, पण ती बत्तीस वर्षं डोक्यात होती. देवाला बत्तीस वर्षं म्हणजे दुपारची डुलकी. तो जागा होतो आणि आपला जुना जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, शोधतो. जॉबर वारलेला. मग तो जॉबरच्या मुलाला धरतो. मुलाचं परदेशीपुऱ्यात झेरॉक्सचं दुकान.

रोज तीन वेळा त्याच्या कानात भोंगा होतो: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. भोंग्यामागोमाग प्रश्न येतो, ‘आज किती हजेरी?’ आणि पाय आपोआप गेटच्या दिशेने चालू लागतात. दुपारी तीनला दुकानात फॉर्म भरणाऱ्या पोरांची रांग असते, शेवटची तारीख असते. झेरॉक्सच्या दुकानाचं गणित दोन-दोन रुपयांचं. ते अर्ध्या तासाच्या गैरहजेरीने कोलमडतं. रात्री अकराला, म्हणजे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची कढई ऐन रंगात येते तेव्हा, हा बायको-पोरांना तिथेच सोडून पडक्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो आणि सांगतो, ‘हजेरी शून्य.’ देव म्हणतो, ‘उद्या बघू.’

मग अनंत चतुर्दशी येते. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, काढायचं सोडलं नाही, हे इंदूरकराला सांगायला नको. रात्रभर दिव्यांची रोषणाई, फिरती चित्रं, आखाडे, राजवाड्याकडे मुंगीला शिरायला जागा नाही. भोंगादेव ते बघतो. आपल्या गिरणीची झांकी! म्हणजे गिरणी चालू झाली! तो विचारतो, ‘आज किती हजेरी?’ मुलगा गर्दीकडे बघतो. वडिलांच्या खांद्यावर बसून हीच झांकी त्याने पाहिलेली असते. तो म्हणतो, ‘पूर्ण.’

दुसऱ्या दिवसापासून देव खूश होऊन चौथी पाळी सुरू करतो.

निरोप्याला नाही म्हणता येत नाही का?

म्हणता येतं, पण ते पोचत नाही. यात माझी गुरू ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा. ग्रीक देव अपोलोने तिला पुढचं दिसण्याची विद्या दिली, ती त्याच्या मनासारखी वागली नाही. देवाने दिलेलं देवालाही परत घेता येईना, म्हणून त्याने वरून एक पुस्ती जोडली: तू खरं तेच सांगशील, पण ते कोणी खरं मानणार नाही. ग्रीक नाटककार एस्किलसच्या इसवी सनपूर्व 458 मधल्या नाटकात ती राजवाड्याच्या दारापुढे हातातली काठी आणि गळ्यातल्या माळा, म्हणजे निरोप्याचा सगळा गणवेशच, उतरवून भिरकावते. आत मरण आहे हे तिला दिसतंय. आणि ती आत जाते.

मी गणवेश ठेवलेला नाही, त्यामुळे मावशीला फेकायलाही काही नाही. तिने एकदा चाळणी फेकली. स्टीलची होती. कड वाकली, तेवढंच. पुढच्या रविवारी पोहे एका बाजूने सांडायला लागले.

घरच्यांचं काय? त्यांच्यावर कोणी लिहीत नाही.

मराठीत लिहितात, आणि फार पूर्वीपासून. हा श्रद्धेचा प्रांत आहे, म्हणून मी देव तिथून उचलत नाही, पण सूर बिनदिक्कत उचलते. नामदेव आपल्या स्वप्नात पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगून गेले, असं तुकोबांनी स्वतः सांगितलंय. आपण ते मोठ्या कौतुकाने सांगतो. पण घरात त्यांची बायको आवली होती. दुकान बुडालेलं, पोरं भुकेलेली. ती विठ्ठलाला ‘काळ्या’ म्हणून शिव्या घालायची, असं परंपराच सांगते, आणि लाजत नाही. नामदेवाची आई गोणाई तर सरळ विठ्ठलाशी भांडायला उभी राहते: माझा मुलगा मला परत दे. देवाला हिशोब विचारणाऱ्या या दोघी. माझ्या कथांतल्या सगळ्या सुना, बायका, सासवा त्यांच्या वंशातल्या. झेरॉक्सवाल्याची बायको पडक्या भिंतीसमोर उभी राहून विचारते, ‘चौथ्या पाळीचा भत्ता कोण देणार?’ वाचनात सगळ्यात जास्त हशा याच वाक्याला येतो. मी लिहिताना हसले नव्हते.

देव कोणती भाषा बोलतो?

इंदुरात हा प्रश्न पडणारच. आपण घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी माळवीच्या जवळपास काही तरी. आपली मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, कारण आपण ‘येऊन राहिलो’ असतो, ‘सब्जी’ निवडतो आणि रस्त्यावर कुणालाही ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतो.

पुलाखालची माळवी बोलते, ‘काय’ला ‘कंई’ म्हणणारी. मावशी कचेरीच्या सवयीने ते हिंदी शॉर्टहँडमध्ये उतरवते आणि घरी मराठीत सांगते. तीन भाषांतून गाळून आलेला निरोप किती खरा उरतो? मावशीची मुलगी एकदा म्हणते, ‘आई, देवी तुझ्यासारखीच बोलते ग. सगळ्याला शेवटी “सांग म्हटलं ना” जोडते.’ मावशीला दोन दिवस झोप लागत नाही. देवी माझ्यासारखी बोलते की मी देवीसारखी बोलायला लागले?

भोंगादेव गिरणीची भाषा बोलतो. पाळी, हजेरी, बदली, साचा, खातं. त्याच्यासाठी मला व्याकरण लागत नाही.

हे अहिल्याबाईंवरून सुचलं का?

नाही, आणि तशी तुलनाही नको. पण इंदूरकराच्या मनात ते येतं, मला मान्य आहे. 1767 ते 1795 महेश्वरहून त्यांनी राज्य केलं आणि आज्ञापत्रांवर ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असं लिहिलं जायचं. राज्य देवाचं, आपण त्याचे कारभारी. बारवा, घाट, अन्नछत्रं यांच्या हिशोबाला बसणारी ती बाई होती. नवरा, सासरा, मुलगा, तिघांचे मृत्यू पाहून मग कारभाराला बसलेली. देवाच्या नावाने तिने दुसऱ्यांच्या आयुष्याची घडी बसवली. माझे निरोपे बिचारे स्वतःच्या रविवारचीही बसवू शकत नाहीत.

निरोप्याला बदल्यात काही मिळतं?

नाही.

मग किती छळायचं? लिहिताना काही माप?

पहिल्या खर्ड्यात मी मावशीचं घर जाळलं होतं. माझ्या मैत्रिणीने वाचून वही परत दिली आणि म्हणाली, ‘घर जळालं तर अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावते. पोहे बिघडले तर कोण येतं?’ तेव्हापासून मी एकच बघते: नुकसान असं हवं की त्याबद्दल कोणापाशी तक्रारही करता येऊ नये. गेलेला नंबर, परत गेलेलं गिऱ्हाईक, वाकलेली चाळणी.

एका दिवाळी अंकाने कथा परत पाठवली. संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘ताई, छान जमलीय. पण शेवटी देवाने काही तरी द्यायला हवं होतं हो.’ मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. उत्तर नेहमीप्रमाणे नंतर सुचलं, कणीक मळताना: साहेब, तुम्हाला भाविक हवाय, मी निरोप्या पाठवला.

आमच्या घरात खरंच कोणाला आवाज ऐकू येतात. हे तसंच आहे का?

नाही. इथे गोष्ट बाजूला ठेवा. खरंच आवाज ऐकू येत असतील, त्यांच्या सांगण्यावरून माणूस वागत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा उपचार होणारा त्रास आहे. त्या माणसाला ‘तुझा भ्रम आहे’ म्हणून वेडावू नका, आणि उतारा-अंगारा यांत महिने घालवू नका. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोनवर बोलता येतं. माझ्या कथांतला आवाज मी बनवलेला आहे आणि मला हवा तेव्हा बंद करता येतो. घरातल्या माणसाला ती सोय नसते.

देवळातल्या मंडळींनी कधी आक्षेप घेतला?

एकदाच. खजराण्याच्या गणपतीला नवस बोलताना उलटं स्वस्तिक काढतात, आणि नवस फेडला की सुलटं. तिथे नेमाने जाणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू वाचनाला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘तुझ्या पुलाखालचीपुढे उलटं काय काढायचं ग?’ मी म्हटलं, ‘काकू, ती नवस घेत नाही. फक्त कामं सांगते.’ काकू म्हणाल्या, ‘मग ती देवी कसली, ती तर आमची जाऊ.’

मावशीचं पुढे काय होतं?

पुढची कथा तिचीच आहे. तिने आता नळाशेजारी, मसाल्याच्या डब्याच्या आडोशाला, वही आणि पेन्सिल ठेवलीय. डाव्या हातात चाळणी, उजव्या हाताने शॉर्टहँड. पोहे आता बिघडत नाहीत, कारण ती ऐकत नाही, नुसतं उतरवते. नोकरीत साहेबांचं उतरवायची तसंच. अकरा वह्या भरल्यात. पानं हळदीने पिवळी, कडेने ओली होऊन फुगलेली. शॉर्टहँड घरात कुणालाच वाचता येत नाही, आणि मावशीने एकही पान परत उघडलेलं नाही. मुलगी एकदा वही हातात घेऊन विचारते, ‘आई, यात काय आहे?’ मावशी कढईवरचं झाकण काढते, वाफ चष्म्यावर येते.

‘जीरावण संपलंय,’ ती म्हणते, ‘जाताना घेऊन ये.’